गुडघ्याची झीज: व्यायाम किती करायचा, कसा करायचा आणि कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६२. घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड ३, गॅप कमी’ असं लिहिलंय. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. व्यायामाचा छापील कागद मिळाला, पण ते व्यायाम सुरू केल्यावर चौथ्या दिवशी गुडघा जास्तच दुखायला लागला, म्हणून बंद केले. आता जिना, चालणं, मांडी घालून बसणं सगळंच कमी झालंय. व्यायामाने झीज आणखी वाढेल का, आणि संशोधन नेमकं काय सांगतं?

आधी मुख्य उत्तर. बेताने वाढवत नेलेल्या व्यायामाने झीज वाढत नाही. गुडघ्याच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, व्यायामाचा काय परिणाम होतो, हे तपासणारे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत आणि त्यांत कूर्चेला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. तुमच्या आईंचा गुडघा चौथ्या दिवशी दुखला त्याचं कारण बहुतेक वेळा प्रमाणात असतं: दोन वर्षं कमी वापरलेल्या पायाला एकाच दिवशी आठ-दहा नवे प्रकार, रोज, सुट्टीशिवाय. आणि छापील कागदाची दुसरी अडचण अशी की पहिल्या दिवशी जे लिहिलेलं असतं तेच सहा महिन्यांनीही लिहिलेलं असतं. सुरुवातीला जास्त आणि नंतर कायम कमी, असा हा उलटा प्रकार आहे. ‘व्यायाम केला पण फरक नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच सापडतं.

आता एक्स-रे. ग्रेड ० ते ४ ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची पद्धत आहे. हाडांमधली जागा किती उरली आणि कडेला हाड किती वाढलं, एवढंच ती सांगते. दुखणं किती, जिना चढता येईल का, हे तिच्यातून कळत नाही. ग्रेड ३ असून टेकडी चढणारी माणसं आहेत आणि ग्रेड १ असून जिन्याला घाबरणारीही आहेत. एमआरआयचं तर त्याहून जास्त. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या, एक्स-रेवर झीज नसलेल्या लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये पाहिले. ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड दिसला, मग गुडघा दुखत असो वा नसो. त्यामुळे ‘गॅप संपली, वंगण संपलं’ हे वाक्य ऐकून आईंनी हालचाल कमी केली असेल, तर नुकसान त्या वाक्याने जास्त केलंय. मांडीचा स्नायू बसून राहिल्याने झपाट्याने बारीक होतो आणि मग प्रत्येक पायरीचा भार सांध्यावर येतो.

व्यायाम पुन्हा सुरू करण्याआधी काही गोष्टी मात्र पाहून घ्याच. सकाळी उठल्यावर आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील, तर तो वाताचा दुसरा प्रकार असू शकतो, रक्त तपासावं लागेल. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पोटरी अचानक सुजून दुखत असेल तरी तेच. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं असेल, तरी आधी दाखवून घ्या. आणि खुबा विसरू नका. आईंना उताणं झोपवा, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा, आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या. याने खुबा आतल्या बाजूला फिरतो. जांघेत किंवा गुडघ्यात त्यांचं ओळखीचं दुखणं उमटलं, तर मूळ खुब्यात असू शकतं. गुडघ्याच्या उपचारात महिने गेल्यावर खुब्याची झीज सापडणं, हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

सांध्यात पाणी आहे का, हेही घरी पाहता येतं. पाय पसरून बसवा, मांडी सैल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या शेजारच्या खोलगट भागावरून तळहाताने वर मांडीकडे दोन-तीनदा निपटा. मग बाहेरच्या बाजूने, वाटीच्या वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खोलगट भागाकडे बघत राहा. तिथे पाण्याची छोटी लाट भरून आली, तर सांध्यात पाणी आहे. हे महत्त्वाचं यासाठी की पाणी असताना मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जातंतूंकडून येणारा आदेशच दबलेला असतो. स्नायू कितीही ठरवलं तरी पूर्ण जोर लावू शकत नाही. अशा वेळी वजनं वाढवायची नाहीत. व्यायाम हलका करायचा आणि लाट कमी होते का, ते एक दिवसाआड बघायचं.

मशीनबद्दल स्पष्टच लिहितो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांच्या झिजेसाठी अल्ट्रासाउंड, आयएफटी आणि टेन्स (दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाची मशीनं), लेझर, शॉर्टवेव्ह हे काहीही देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं म्हटलंय. दहा दिवस बरं वाटतं ते खोटं नसतं. ऊब, आडवं पडून मिळणारी विश्रांती, कुणीतरी लक्ष देतंय ही भावना, आणि दुखणं मुळातच कमी-जास्त होत असल्याने मिळणारा उतार, हे सगळं त्यात असतं. पण अकराव्या दिवशी मांडीची ताकद होती तिथेच असते. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, तेवढं पुरे. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर तेही जपून, चटका कळत नाही. क्लिनिकला जे पैसे द्यायचे ते समोर उभं राहून व्यायाम करून घेणाऱ्या आणि दर आठवड्याला तो बदलणाऱ्या फिजिओथेरपिस्टला द्या.

संशोधनाचा आकडा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये गुडघ्याच्या झिजेवरच्या व्यायामाचे १३९ प्रयोग एकत्र तपासले. १०० गुणांच्या मोजपट्टीवर दुखण्यात सुधारणा, खोट्या उपचाराच्या तुलनेत सरासरी ९ गुणांच्या आसपास आणि काहीच उपचार न करणाऱ्यांच्या तुलनेत १३ च्या आसपास. फरक आहे, पण जादू नाही. ही सरासरी आहे, तिच्यात खूप सुधारलेले आणि अजिबात न सुधारलेले दोघेही येतात. २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेला प्रयोग मला जास्त उपयोगी वाटतो. १५६ रुग्ण, निम्म्यांना सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी: सांधा हाताने मोकळा करणं आणि सोबत व्यायाम. वर्षानंतर २४० पैकी त्रासाचा गुणांक इंजेक्शनवाल्यांचा ५५.८ आणि फिजिओथेरपीवाल्यांचा ३७ होता. कमी तेवढं चांगलं. दोन्ही गट सुरुवातीला १०७ च्या जवळपास होते. लक्षात घ्या, त्यांना पहिल्या चार-सहा आठवड्यांत जास्तीत जास्त आठच भेटी होत्या, पण चौथ्या आणि नवव्या महिन्यात पुन्हा बोलावून उजळणी करून घेतली होती. आपल्याकडे नेमकी ही उजळणीच होत नाही.

आणखी एक निकाल माझ्या मते प्रत्येकाने लक्षात ठेवावा. २०२१ च्या एका अमेरिकी प्रयोगात ३७७ जणांना तीन गटांत विभागून दीड वर्ष पाहिलं. एका गटाला खूप जड वजनांचा व्यायाम, दुसऱ्याला हलक्या वजनांचा, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती आणि गप्पांचे वर्ग. अपेक्षा होती की जड वजनवाले जिंकतील. दीड वर्षानंतर दुखण्यात लक्षणीय फरक निघाला नाही. याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा काढायचा नाही. पण ‘मांडी जितकी दणकट तितकं दुखणं कमी’ हे सरळ गणित मात्र चुकीचं आहे. म्हणून आईंना जिममध्ये लेग प्रेसवर बसवण्याची घाई नको. त्यांना जे करता यायला हवं, म्हणजे तीन मजले चढणं-उतरणं, खालून उठणं, मंडईपर्यंत जाऊन येणं, तेच तुकड्यातुकड्यांनी व्यायाम म्हणून करायचं.

सुरुवात मोजमापाने. हात नसलेली, सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या अमेरिकी स्त्रियांत १२ ते १७ हा सर्वसाधारण टप्पा मानतात. त्यापेक्षा कमी आलं तर घाबरायचं नाही, लिहून ठेवायचं. दुसरी नोंद: एक मजला चढून उतरायला किती सेकंद आणि दुखणं १० पैकी किती. तारीख घालून कॅलेंडरवर लिहा. तीन आठवड्यांनी ‘काही फरक नाही’ असं वाटेल तेव्हा हीच नोंद कामाला येते, कारण दुखणं हटायच्या आधी बहुधा उठबस वाढलेली असते.

दुखण्याचा नियम डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या, सांध्यांच्या झिजेसाठीच्या ग्लॅड या व्यायाम कार्यक्रमातला घ्या. व्यायाम करताना १० पैकी २ पर्यंत दुखलं तर निर्धास्त, ५ पर्यंत चालेल, त्यापुढे थांबा. आणि वाढलेलं दुखणं २४ तासांत मूळ पातळीला यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा, बंद करू नका. थोडं दुखणं म्हणजे नुकसान, ही समजूत गेली नाही तर पुढचं काहीही टिकत नाही.

मुख्य व्यायाम एकच निवडायचा तर मी उठबस निवडेन, खुर्चीची. पहिल्या आठवड्यात बसण्याची उंची ५० ते ५५ सेंटीमीटर करा. पलंगाची कड नेमकी तेवढी असेल तर उत्तम. खुर्चीवर उशी ठेवली तर ती घट्ट हवी, मऊ उशीत बूड रुतलं की उठायला उलट जास्त जोर लागतो. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, अंतर खांद्याएवढं. नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका, मगच उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा, शेवटी धपकन अंग टाकायचं नाही, कारण जिना उतरताना लागतो तो ताबा याच टप्प्यात तयार होतो. गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का, ते समोर आरसा ठेवून बघा. झुकत असतील तर मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या थोडा वर, हलका रबर बँड बांधा आणि त्याच्याविरुद्ध गुडघे बाहेर ठेवा. आणखी एक चूक हमखास होते: दुखरा पाय पुढे सरकवून सगळा भार चांगल्या पायावर घेणं. दोन्ही पायांखाली वजनकाटे ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. काटे नसतील तर चांगलं पाऊल दोन बोटं पुढे ठेवा, भार आपोआप दुखऱ्या पायावर येईल.

आठ वेळा, असे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. तीन सेट बारा-बारा वेळा झाले आणि शेवटी ‘अजून दोन-तीन जमले असते’ असं वाटलं, की उंची ५ सेंटीमीटर कमी. साध्या खुर्चीवर आल्यावर पाठीला सॅक, तिच्यात एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या, म्हणजे दोन किलो. मग दर आठवड्याला एक किलो, दुखण्याचा नियम पाळून. बारा आठवड्यांनी पाच-सहा किलो घेऊन तीन सेट होत असतील, तर तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी नेता येते.

दुसरा व्यायाम पायरीचा. जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, सुरुवात तिथे करू नका. १० सेंटीमीटर उंचीचा, न सरकणारा स्टेपर घ्या. पाटावर नको, तो फरशीवर सरकतो. एक हात भिंतीला टेकलेला. दुखरा पाय वर ठेवून चढा, मग तोच पाय वर ठेवून दुसरा पाय तीन सेकंदांत सावकाश खाली टेकवा. पाय धप्पकन पडत असेल तर उंची जास्त आहे. दोन सेट, आठ वेळा. १५ सेंटीमीटरवर हे नीट जमल्यावर खऱ्या जिन्याची पायरी.

बाकीचे लवकर सांगतो. उताणं झोपून कुल्ले उचलणं, १० वेळा दोन सेट. कुशीवर झोपून वरचा पाय मागच्या बाजूला झुकवत उचलणं, पुढे उचलला तर भलताच स्नायू काम करतो. ओट्याला हात टेकवून टाचा उचलणं, १५ वेळा. आणि पाय सरळ उचलण्याचा तो प्रसिद्ध व्यायाम: गुडघ्यात पाणी असेल, उठबस अजिबात सोसत नसेल तेव्हा दोन आठवडे करा, पण वर्षभर त्याच्यावर थांबू नका. त्यात गुडघा वाकतच नाही, मग जिन्याची तयारी होणार कशी?

गुडघा पूर्ण सरळ होतो का, हे जरूर बघा. झोपताना गुडघ्याखाली उशी किंवा लोड घेतला की बरं वाटतं, म्हणून महिनोन्‌महिने तशी सवय लागते आणि गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहतो. मग उभं राहतानाही मांडीचा स्नायू सतत ताणलेला असतो आणि संध्याकाळी थकून दुखतो. उशी काढा. दिवसातून दोनदा टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा मोकळा सोडा, पाच ते दहा मिनिटं. मागे ओढल्यासारखं वाटेल, तेवढं ठीक.

जिना बंद करू नका, पद्धत बदला. दुखणं भडकलेलं असेल तेव्हा चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, एका पायरीवर दोन्ही पाय आणि कठड्याला हात. काठी घेतली तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईंच्या डाव्या हातात. रस्त्यावर निम्मे लोक ती उलट्या हातात धरून चालताना दिसतात, त्याने भार कमी होत नाही. खाली-वर फेऱ्या एकत्र करा, सामान वाटून आणा.

मांडी घालून बसण्यावर कायमची बंदी घालणारे सल्ले मला पटत नाहीत. देवपूजा, पंगत, नातवाशी खेळणं या सगळ्यातून माणूस बाजूला पडतं. पहिले सहा आठवडे खाली बसणं आणि उकिडवं बसणं कमी करा, देशी संडासाऐवजी कमोड वापरा आणि बाजूला हँडल लावून घ्या. त्यानंतर जाड गादीवर किंवा १५ सेंटीमीटरच्या चौरंगावर मांडी घालून पाच मिनिटं. सोसलं तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, मग उंची कमी करा. उठताना आधी कुशीवर वळा, दोन्ही हात आणि गुडघे टेका, चांगलं पाऊल पुढे रोवा आणि सोफ्याला धरून उठा. टेकलेल्या गुडघ्याखाली घडी घातलेली सतरंजी ठेवा. हे उठणं हाच पुढे व्यायाम होतो.

चालणं सपाट जागी, सारसबागेत किंवा शाळेच्या मैदानावर, दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. तळजाई किंवा पर्वती नंतर, आणि तेव्हाही चढण्यापेक्षा उतरणं जड जाईल हे गृहीत धरून. पावसाळ्यात चालणं बंद पडतं तेव्हा उठबस चालू ठेवली तर आधी कमावलेलं जुलै-ऑगस्टमध्ये जात नाही.

वजन जास्त असेल तर तेही लागतंच. २००५ च्या एका अभ्यासात शरीराचं वजन एक किलोने कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं दिसलं. २०१३ च्या पुढच्या मोठ्या प्रयोगात आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सरासरी ११ टक्के उतरलं आणि दुखणं फक्त व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. ७० किलोच्या माणसाने चार किलो कमी केले तरी उपयोग होतो. फक्त उपासावर वजन उतरवू नका, त्यात स्नायूही जातो. रोजच्या दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही किंवा अंडं यांपैकी काहीतरी हवंच. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक जेल चोळणं हा चांगला पुरावा असलेला उपाय आहे, मात्र मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून.

मधूनच दुखणं उसळेल. लग्नकार्यात दिवसभर उभं राहिलं, प्रवास झाला, की होतंच. दोन-तीन दिवस सेट निम्मे करा, वजनाची सॅक काढा, बसण्याची उंची एक टप्पा वाढवा, आणि पुन्हा जिथे होता तिथे या. नेमक्या याच वेळी बहुतेक जण पूर्ण सोडतात आणि सहा आठवड्यांनी शून्यापासून सुरुवात करतात.

सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात पहिली मोजमापं पुन्हा घ्या. बारा आठवडे खरोखर आठवड्याला तीन दिवस केलं, प्रमाण वाढवत नेलं, तरी आकडे हलले नाहीत, रात्रीची झोप मोडते, चालणं दोनशे मीटरवर आलंय, अशी स्थिती असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांशी सांधा बदलण्याबद्दल बोला. दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याचा उपाय मात्र टाळा. २००२ सालीच खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करून तो झिजेसाठी उपयोगी नसल्याचं दाखवलं गेलंय. सांधेबदलाचं तसं नाही. २०१५ मध्ये १०० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात ज्यांनी सांधा बदलला त्यांची सुधारणा व्यायाम, आहार आणि गोळ्यांच्या गटाच्या जवळपास दुप्पट होती, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त होत्या. आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी फक्त १३ जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. शस्त्रक्रिया ठरलीच तरी तारखेपर्यंत उठबस चालू ठेवा, कारण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहायला हीच मांडी लागणार आहे.